पाय नसलेली भुतं: जपानी भयकथांचे ॲनिमे कुठे शोधायचे आणि कसे बघायचे

'मोनोनोके' बघायला मी पहिल्यांदा बसलो तेव्हा पाऊण तास भलताच सिनेमा बघत होतो. मित्राने सांगितलं होतं, पाठीवर लाकडी पेटी घेतलेला एक औषधविक्या येतो, मोजकंच बोलतो आणि पोलिसासारखी भुताची चौकशी करतो. माझ्या पडद्यावर मात्र घनदाट जंगल, पिसाळलेलं रानडुक्कर आणि लांडग्यावर बसलेली मुलगी. औषधविक्या आता येईल, मग येईल, म्हणून मी वाट बघतोय. तो निघाला स्टुडिओ जिब्लीचा १९९७ सालचा 'प्रिन्सेस मोनोनोके'. सिनेमा उत्तमच आहे, पण मला हवी होती तोएई ॲनिमेशनची २००७ सालची १२ भागांची मालिका. नाव सारखं, बाकी दोघांचा काडीचा संबंध नाही.

ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशनपट आणि मालिका; त्यातल्या भयकथांच्या वाटेला नव्याने लागलेल्या बहुतेकांचं असंच काहीतरी होतं. 'डीमन स्लेयर', 'जुजुत्सु काइसेन' हिंदीत बघून झालेले असतात. त्यात राक्षसांची रेलचेल असते, पण भीती वाटत नाही, कारण त्या मुळात मारामारीच्या गोष्टी. मग कोणीतरी विचारतं, "खरंच घाबरवणारं काय आहे?" आणि उत्तरादाखल वीस नावांची यादी अंगावर येते. त्या यादीने डोकं फिरण्यापलीकडे काही होत नाही. आधी काय बघायचं, कुठली प्रत बघायची आणि बघताना नजर कुठे ठेवायची, हे कळलं तर उपयोग. माझं मत आधीच सांगून टाकतो: या प्रकारात भूत पडद्यावर यायच्या कितीतरी आधी चित्रात येऊन बसलेलं असतं. ते दिसायला लागलं की अर्धी लढाई जिंकली.

पहिली पायरी: भुतांची जात ओळखा

आपल्याकडे मुंजा, खवीस, हडळ आणि गिऱ्हा यांची गल्लत सहसा कोणी करत नाही. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात. जपानी भुतांचंही तसंच आहे, फक्त सबटायटलमध्ये सगळ्यांनाच सरसकट 'घोस्ट' किंवा 'स्पिरिट' म्हणून मोकळे होतात. त्यामुळे दोन-तीन शब्द पाठ असलेले बरे.

युरेई म्हणजे मेलेल्या माणसाचा अडकलेला आत्मा. पांढरा किमोनो, मोकळे काळे केस. तो पांढरा किमोनो प्रेताला नेसवायचा असतो. जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू वर घेतो, प्रेताला उजवी वर घेतात. एखाद्या दृश्यात कोणाच्या अंगावर उजवी बाजू वर दिसली, तर चित्रकाराने तुम्हाला हळूच काहीतरी सांगून ठेवलं आहे. आपल्या हडळीचे पाय उलटे असतात, युरेईला पायच नसतात. हे रूप १८व्या शतकातल्या मारुयामा ओक्यो या चित्रकारामुळे रूढ झालं असं मानतात.

योकाई हा त्याहून मोठा गोतावळा. त्यात नदीतला कप्पा येतो. हा आपल्या गिऱ्ह्याचा लांबचा भाऊ शोभेल. याच्या डोक्यावरच्या खळग्यातलं पाणी सांडलं की याची ताकद जाते, म्हणून त्याला वाकून नमस्कार करायचा, म्हणजे तोही वाकतो आणि पाणी सांडतं. शंभर वर्षं जुन्या झालेल्या वस्तूंना जीव येतो, तेही योकाई. एका पायावर उड्या मारणारी छत्री त्यातलीच. तोरियामा सेकिएन याने १७७६ साली योकाईंचा सचित्र संग्रह काढला. आज ॲनिमेत दिसणाऱ्या कितीतरी रूपांचं मूळ त्याच्या पुस्तकांत सापडतं.

एक ओळखीचा चेहराही भेटेल. 'हेल गर्ल' या २००५च्या मालिकेतल्या मुलीचं नाव एन्मा आय. एन्मा म्हणजे आपला यमच, बौद्ध धर्मासोबत चीनमार्गे जपानात पोहोचलेला. मध्यरात्री एका वेबसाइटवर शत्रूचं नाव लिहायचं, ती त्याला नरकात नेते. अट एवढीच, मेल्यावर नाव लिहिणाराही तिथेच जाणार.

आणि ऋतू विसरू नका. आपली भुतं अमावास्येला बाहेर पडतात, जपानी भुतं ऐन उन्हाळ्यात. ऑगस्टच्या मध्याला तिथे ओबोन असतो. पूर्वज घरी येतात, साधारण आपल्या पितृपक्षासारखं. अंगावर काटा आला की तेवढाच गारवा, म्हणून भुताच्या गोष्टी उन्हाळ्यातच सांगायची तिथे जुनी पद्धत आहे. म्हणून या मालिकांमध्ये लख्ख ऊन, हिरवीगार भातशेती आणि रातकिड्यांसारखा किर्र आवाज करणारे सिकाडा असतात. तो आवाज अचानक थांबला की सावरून बसा.

दुसरी पायरी: पाच मिनिटांपासून सुरुवात करा

थेट २६ भागांच्या मालिकेत उडी मारू नका. 'यामीशिबाई' पासून सुरू करा. २०१३ मध्ये टीव्ही तोक्यो या वाहिनीवर आलेली ही मालिका, पहिल्या सीझनचे १३ भाग, प्रत्येक भाग जेमतेम पाच मिनिटांचा. संध्याकाळी पाचला मुलांच्या मैदानात मुखवटा घातलेला एक माणूस येतो आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगतो.

ही मूळची कामिशिबाईची पद्धत. १९३०च्या दशकात जपानात हे लोक सायकलवर लाकडी चौकट लावून गल्लोगल्ली हिंडायचे, मुलांना गोळ्या-चॉकलेट विकायचे आणि एकेक चित्र सरकवत गोष्ट रंगवायचे. पुढे टीव्ही आला तेव्हा सुरुवातीला लोक त्याला 'विजेवरची कामिशिबाई' म्हणत. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी बघितली आहे त्यांना हे चटकन कळेल. ठाकर समाजाचे कलावंत कागदावरच्या चित्रांची पोथी उघडून एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारतातली आख्यानं गातात. चित्र हलत नाही, हलतो तो आवाज.

'यामीशिबाई'चंही गमक तेच. कागदी बाहुल्या कापून सरकवाव्यात तशी पात्रं. ओठ हलत नाहीत, डोळे मिटत नाहीत. पहिल्या भागात नवख्या माणसाला वाटतं, हे काय, पैसे नव्हते का यांच्याकडे? दुसऱ्या-तिसऱ्या भागात लक्षात येतं, की न हलणाऱ्या चेहऱ्याकडे आपण जरा जास्तच वेळ टक लावून बघतोय, आणि तो आता हलेल की काय याची धास्ती वाटतेय. पुढचे सीझन बरेच आहेत आणि दर्जा खालीवर होतो. पहिला पुरेसा आहे.

तिसरी पायरी: मुख्य जेवण

आता 'मोनोनोके', म्हणजे औषधविक्याची. दिग्दर्शक केन्जी नाकामुरा. बारा भागांत पाच कथा, प्रत्येक कथा दोन किंवा तीन भागांची. हे पात्र मुळात २००६च्या 'अयाकाशी' या ११ भागांच्या मालिकेतल्या शेवटच्या तीन भागांत आलं, तिथे लोकांना इतकं आवडलं की त्याला स्वतंत्र मालिका मिळाली. 'अयाकाशी' आधी बघायलाच हवी असं नाही. मिळाली तर ते तीन भाग बघा.

नियम सोपा आहे. औषधविक्याकडे तलवार आहे, पण ती म्यानातून निघत नाही. आधी तीन गोष्टी कळाव्या लागतात: काताची म्हणजे भुताचं रूप, माकोतो म्हणजे नेमकं काय घडलं, आणि कोतोवारी म्हणजे ते का घडलं, कोणाच्या मनात काय सलत होतं. एकेक गोष्ट उलगडली की तलवारीच्या मुठीवरचा राक्षसाचा चेहरा खटकन दात आपटतो. तिसऱ्यांदा आपटला की तलवार निघते. म्हणजे ही भूत मारायची गोष्ट नाही, भुताची कैफियत ऐकायची आहे, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार खोलीत बसलेला जिवंत माणूस असतो.

चित्राकडे नीट बघा. सगळ्या पडद्यावर जपानी हातकागदाचा, वाशीचा पोत पसरलेला आहे, जणू जुन्या लाकडी ठशाच्या चित्रातच गोष्ट घडतेय. रंग इतके भडक की काळोखाला जागाच नाही. पहिली कथा घ्या, 'झाशिकी-वाराशी'. धो-धो पावसात एक गरोदर बाई धर्मशाळेत आसरा मागते. मालकीण नाही म्हणते, मग नाइलाजाने वरच्या मजल्यावरची कोणालाच न दिली जाणारी खोली उघडते. खोली सुंदर आहे, गरजेपेक्षा जास्तच सुंदर. भिंतीवर नक्षी, दारांवर चित्रं, लाल आणि पिवळ्याची उधळण. औषधविक्या कागदी मंत्रपट्ट्या फेकतो, त्या भिंतीवर ओळीने चिकटतात आणि त्यावर लाल डोळे उमटतात. मग तो आपले इवलेसे तराजू मांडतो. टोकाला घुंगरासारखी घंटा असलेले हे तराजू भूत जवळ आलं की त्या बाजूला कलतात. भूत दिसत नाही. दिसतो फक्त कललेला तराजू, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. एवढ्यात मी घाबरलो होतो.

शेवटच्या कथेत काळ बदलतो, नव्या भुयारी रेल्वेचा डबा येतो. तिथली गर्दी नीट बघा: महत्त्वाची पात्रं सोडून बाकी सगळे दुकानातल्या पुतळ्यांसारखे काढले आहेत. शहरात कोण कोणाकडे बघतं, हे चित्रानेच सांगून टाकलं.

याच औषधविक्याचा पहिला सिनेमा २०२४ मध्ये आला, एडोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, किल्ल्यातल्या जनानखान्यात घडणारा, आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला नेटफ्लिक्सवर जगभर लागला. 'फँटम इन द रेन' या नावाने शोधा. रंगांचा मारा मालिकेहून दुप्पट आहे. मालिका आधी बघा, नाहीतर डोळे दिपतील आणि हाती काही लागणार नाही.

चौथी पायरी: प्रत जपून निवडा

हे वेगळं लिहितोय कारण मी स्वतः यात आपटलोय. 'मोनोनोके' मी पहिल्यांदा लोकलमध्ये, फोनवर, डेटा वाचवायच्या सेटिंगवर बघायला घेतली. त्या वाशी कागदाच्या पोताचा नुसता चिखल झाला होता. बारीक पोत हा व्हिडिओ दाबताना सगळ्यात आधी मरतो; यंत्राला तो कचरा वाटतो. मला वाटलं मालिकाच गचाळ आहे, आणि वर्षभर पुन्हा हात लावला नाही. भारतात नेटफ्लिक्सच्या फक्त-मोबाइलवाल्या स्वस्त प्लॅनवर ४८०पीच मिळतं, तेव्हा असलं काही बघायचं तर घरातल्या टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर, निदान ७२०पीला. चोरीच्या साइटवरच्या प्रतींचं याहून वाईट; तिथे पोतही नाही, भलत्याच जाहिराती मात्र अंगावर येतात.

आवाजाची भाषा आधी तपासा. ॲप बऱ्याचदा फोनच्या भाषेप्रमाणे इंग्रजी किंवा हिंदी लावून मोकळं होतं. मारामारीच्या ॲनिमेला हिंदी डब झकास बसतो. २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' आपल्या थिएटरांत हिंदी, तमिळ, तेलुगूत लागला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. भयकथेत मात्र मी जपानी आवाज आणि सबटायटलच घ्यायला सांगेन. औषधविक्या शब्दाशब्दांत जी मोकळी जागा सोडतो, तिथेच भीती राहते.

डब किती दूर जाऊ शकतो याचा नमुना म्हणजे 'घोस्ट स्टोरीज'. २००० साली जपानात आलेली शाळेतल्या भुतांची साधी, मुलांसाठीची मालिका. अमेरिकेतल्या एडीव्ही कंपनीने २००५ मध्ये तिचे संवाद नव्याने लिहिले, कथा आणि पात्रांची नावं जवळपास तशीच ठेवून चक्क वाह्यात विनोदी डब केला. आज बाहेरच्या जगात ती त्या डबमुळेच प्रसिद्ध आहे. हसायला बघा, घाबरायला बघितली तर फसाल.

पाचवी पायरी: आपल्या देशात ते आहे का?

पुण्यातल्या भावाला जी मालिका दिसते ती न्यू जर्सीतल्या बहिणीला दिसत नाही, आणि दुबईतल्या मामाला दोन्हीकडची दिसत नाही. यात ॲपचा दोष नसतो. जपानात बहुतेक ॲनिमेमागे अनेक कंपन्यांची मिळून निर्मिती समिती असते. टीव्ही वाहिनी, प्रकाशक, संगीत कंपनी, खेळणीवाले असे सगळे पैसे घालतात आणि मग परदेशी हक्क प्रदेशाप्रदेशाला, ठरावीक मुदतीसाठी विकतात. मुदत संपली की मालिका एका रात्रीत गायब. जुन्या भयकथांचे प्रेक्षक थोडे, त्यामुळे हक्क पुन्हा घ्यायची घाईही कोणाला नसते.

मी हे असं करतो. आधी कुठली मालिका कुठल्या ॲपवर आहे ते सांगणारी जस्टवॉच ही साइट उघडायची आणि वर देश भारत निवडायचा, किंवा तुम्ही असाल तो. मालिकेचं नाव इंग्रजीत टाकायचं, सापडलं नाही तर जपानी नाव रोमन लिपीत: 'हेल गर्ल' नाही तर 'जिगोकू शोजो', 'घोस्ट स्टोरीज' नाही तर 'गाक्को नो काइदान'. सोबत वर्ष जुळवायचं. वर्षामुळेच माझा लांडगा टळला असता.

मग क्रंचीरोल, हे खास ॲनिमेचं ॲप. फनिमेशन हे तसंच दुसरं ॲप त्यातच विलीन झालं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याचं ॲप बंद पडलं, तेव्हा जुन्या लेखांमध्ये 'फनिमेशनवर बघा' लिहिलेलं असेल तर ते सोडून द्या. नेटफ्लिक्सने स्वतः घेतलेल्या मालिका सहसा सगळीकडे सारख्या मिळतात, म्हणून नवख्याला तेच सोपं. आणि फुकटात, कायदेशीर हवं असेल तर यूट्यूबवर म्यूज एशिया आणि ॲनि-वन एशिया ही चॅनेलं बघा; आशियाई देशांसाठी हक्क घेऊन ती मालिका टाकतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांना तीच चॅनेलं उघडून बरंचसं बंद दिसेल. तेवढं एक सुख आपल्याकडे आहे.

डिस्क विकत घ्यायचा विचार असेल तर थांबा आणि खोक्याची मागची बाजू वाचा. मी एकदा जपानी ब्लू-रे मागवली. पोस्टाने आली, कस्टमचे पैसे भरले, पूजा तेवढी करायची राहिली होती. प्लेअरने ती घेतलीच नाही. जपान आणि अमेरिका ब्लू-रेच्या 'ए' प्रदेशात, भारत 'सी' मध्ये. मित्राच्या प्लेअरवर चालली, तर आत इंग्रजी सबटायटल नाहीत; जपानी आवृत्तीत सहसा नसतातच. आता ती कपाटात आहे, खोका सुंदर आहे.

सहावी पायरी: पुढे आपापल्या चवीप्रमाणे

गावाकडची भीती आवडत असेल तर 'द समर हिकारू डाइड', २०२५, नेटफ्लिक्स. डोंगरातलं गाव, दोन मित्र, त्यातला एक मेलाय आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी परत आलंय. ऊन इतकं खरं काढलंय की घाम फुटतो, आणि त्या 'काहीतरी'चा चिकट गोळा बाहेर येतो तेव्हा चित्राची जातच बदलते. अलीकडच्यांत माझी ही सगळ्यात आवडती. त्याच वाटेवर मागे गेलात तर 'शिकी' (२०१०, २२ भाग) आणि 'अनदर' (२०१२, १२ भाग). गंमत म्हणजे 'शिकी'ची मूळ कादंबरी फुयुमी ओनोची आणि 'अनदर'ची युकितो आयात्सुजीची, आणि ते दोघं नवराबायको. त्यांच्या घरी जेवताना काय बोलत असतील कोण जाणे. 'हिगुराशी' (२००६) गोलमटोल, गोंडस चेहऱ्यांची. तो गोंडसपणा हाच सापळा आहे.

हसत-घाबरत बघायचं असेल तर 'डान दा दान' (२०२४). त्यात टर्बो आजी आहे, सुसाट पळणारी भुताची म्हातारी. दृश्यागणिक सगळा पडदा एकाच रंगात कसा बुडवतात ते बघा.

भयकथांचा चित्रकार जुन्जी इतो याच्याबद्दल मात्र सावध करतो. माणूस आधी दातांचा तंत्रज्ञ होता, आणि त्याची रेघ तशीच, कोरीव. कागदावर ती एकेक रेघ अंगावर येते. पण ॲनिमेत प्रत्येक हालचालीला ती सगळी रेघ पुन्हा काढावी लागते, सेकंदाला आठ-बारा वेळा. ते परवडत नाही, मग रेघा गाळतात, आणि रेघांबरोबर भीतीही गळते. नेटफ्लिक्सवरची २०२३ची 'जुन्जी इतो मॅनिॲक' म्हणूनच फिकी वाटते. 'उझुमाकी' (२०२४, फक्त ४ भाग, कृष्णधवल) ही २०१९ मध्ये जाहीर झालेली आणि पाच वर्षं वाट बघायला लावणारी मालिका. पहिला भाग थरारक: सगळं गाव आवर्तांनी झपाटलेलं आणि प्रत्येक रेघ जागच्या जागी. दुसऱ्या भागात पडझड उघड दिसते. पहिला भाग बघा आणि मग मूळ मंगा, म्हणजे छापील चित्रकथा, वाचा.

घरात मुलं असतील तर

कार्टून आहे म्हणून रिमोट मुलांच्या हातात देऊ नका. 'मोनोनोके'च्या पहिल्याच कथेत गर्भपाताचा विषय आहे, 'अनदर' आणि 'हिगुराशी'त रक्तपात आहे. भारतातल्या ओटीटीवर सुरुवातीला यू/ए १६+ किंवा ए असं लिहिलेलं येतं, ते वाचा. आणि टीव्हीवर दाखवलेली आवृत्ती वेगळी असू शकते: 'तोक्यो घुल'चं २०१४ मधलं जपानी प्रक्षेपण बघितलंत तर भीषण दृश्यांत पडदा काळा किंवा रंग उलटे केलेले दिसतील. तुमचा टीव्ही बिघडलेला नाही.

आता आज रात्रीपुरतं. जेवणं आटपली की जस्टवॉच उघडा, देश निवडा, 'मोनोनोके' टाका, २००७ शोधा. जिथे मिळेल तिथे आवाज जपानी करा, दर्जा वाढवा, हेडफोन घ्या, खोलीतला दिवा मालवा पण पडद्याचा उजेड कमी करू नका. 'झाशिकी-वाराशी'चे दोन्ही भाग सलग बघा, मध्ये फोन नाही. आणि सुरू करण्याआधी पोस्टर एकदा नीट बघून घ्या. पेटीवाला औषधविक्या असेल तर बरोबर. लांडगा दिसला तर मागे फिरा.